डावीकडची सीट

ज्ञानेशची पिकअप शेडाच्या दारात थांबली तेव्हा नाना लोखंडी पेटीवर बसून वायसर पुसत होते. वायसर आधीच लख्ख होते. पण सकाळपासून हाताला काहीतरी चाळा हवा होता, आणि शेडात पुसण्यासारखं दुसरं काही शिल्लक राहिलं नव्हतं.

"नाना, चेनपुली आणलीय. आज इंजिन गाडीत बसवल्याशिवाय हलायचं नाही," ज्ञानेश उतरता उतरता म्हणाला.

नानांचं खरं नाव कारभारी. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर म्हणून उभं आयुष्य काढलेला माणूस. निवृत्तीनंतर सायखेड्याच्या मळ्यात द्राक्षं बघायची आणि मुलाच्या उचापतींवर कुरकुर करायची, एवढंच काम त्यांनी स्वतःसाठी ठरवलं होतं. ज्ञानेश हा त्या मुलाचा, अमोलचा, शाळेपासूनचा दोस्त. नाशकात त्याचं गॅरेज होतं. आणि अमोल... अमोलला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

गाडी अमोलची. गंगापूर रोडच्या एका जुन्या फार्महाऊसच्या मागे ती त्याला सापडली, तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. लाल, बुटकी, दोनच सीटची, टप नसलेली विलायती स्पोर्ट्स कार. वयाने नानांपेक्षा जराशीच लहान. "हिच्यात बसून कांदे विकायला जायचं का रे?" असं नानांनी विचारलं होतं. अमोल नुसता हसला. आणि पुढच्याच रविवारी बापानेच बाह्या सरसावून तिचं बॉनेट उघडलं. मग काय, दोघांचे सगळे रविवार शेडात जाऊ लागले. अमोलची आई, सिंधुबाई, जेवायला हाका मारून मारून दमायची. इंजिन खोललं, गिअरबॉक्स खोलला, सगळं धुऊन-घासून पुन्हा बांधलं. राहिली होती ती फक्त क्लचची प्लेट. ती घ्यायला अमोल मोटारसायकलवर नाशकाला गेला, आणि परत येताना ओझरजवळ महामार्गावर एका कंटेनरखाली आला. दवाखान्यातून त्याची सॅक तेवढी घरी आली. आतली प्लेट कागदात गुंडाळलेली, जशीच्या तशी. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

दहाव्याला रामकुंडावर पिंड मांडला तेव्हा कावळा शिवेना. घाटावर गर्दी होती. शेजारीच दुसऱ्या कुणाचा तरी पिंड होता. कोण गेलं होतं देव जाणे. दोघं-तिघं माणसं आलेली, त्यांच्यात रडणारं कुणी नव्हतं. त्यांच्या पिंडालाही कावळा शिवला नाही. त्यांनी फार वाट पाहिली नाही, दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि चालते झाले. इकडे अमोलच्या पिंडासमोर मात्र सगळे हात जोडून उभे. "तुझी गाडी पुरी करतो रे," ज्ञानेश म्हणाला. सिंधुबाईने रडत रडत काय काय कबूल केलं. भिंतीवरचा कावळा नुसता मान वाकडी करून बघत राहिला. शेवटी नाना पुढे झाले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पहिली फेरी तू मार. मी शेजारी बसतो. शब्द देतो तुला."

तोंडातला शब्द संपायच्या आत कावळा आला आणि घास उचलून गेला. तो भिंतीवरचा नव्हता; पलीकडच्या, सोडून दिलेल्या पिंडापासून उडून आला होता. पण अशा वेळी कावळ्या-कावळ्यांत फरक कोण करतो? लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. नानांचे ते शब्द ऐकले होते फक्त सिंधुबाईने.

"प्लेट काढा नाना," ज्ञानेश म्हणाला. "ती बसली की पुढचं सगळं सोपंय."

प्लेट जागेवर नव्हती. पेटी उपसली, फळ्या शोधल्या, पोत्यांखाली पाहिलं. नानांचा चेहरा उतरत चालला. वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं, आणि नवी प्लेट मागवायची तर बाहेरून यायला महिने लागणार.

तेवढ्यात सिंधुबाई दारात येऊन उभी राहिली. हातात प्लेट होती. प्लेटच्या खाचांमधून गव्हाचे दाणे खाली गळत होते.

"गव्हाच्या कोठीत ठेवली होती," ती म्हणाली. "मीच."

ज्ञानेश समजूतदार, काहीतरी विसरल्याचं निमित्त करून तो पिकअपकडे गेला.

"वर्षभर?" नानांनी विचारलं.

"मंग काय करू? घाटावर तुम्ही काय बोलून बसले ते मी ऐकलं नाय का? मेलेल्या मानसाशेजारी बसून कुठं जानार तुम्ही? गाडीच झाली नाय तं बसनार कशात, म्हनून लपवली."

"आन मंग आता का काढली?"

सिंधुबाई दोन पावलं आत आली. "पोरगं ताटकळू राहिलं आसंल हो. माझ्यामुळं त्याचा जीव आडकला तं मी कुठं फेडू? घ्या. करा गाडी पुरी. पन शेजारी मी बसते. त्याला सोबतच पाहिजे ना? बाप काय न आई काय."

"शब्द मी दिलाय, सिंधू."

तिने प्लेट त्यांच्या हातात दिली. वाकून एकेक दाणा वेचत राहिली, आणि नानांना तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण हात ग्रीसने भरलेला होता.

क्लचची प्लेट अगदी मधोमध बसावी लागते. केसाइतकी सरकली तरी गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही. त्यासाठी नानांनी बाभळीची एक खुंटी कातून ठेवली होती, अमोल होता तेव्हाच. खुंटीने प्लेट मध्यावर धरली, बोल्ट आवळले, खुंटी ओढून काढली, आणि गिअरबॉक्स इंजिनाला असा अलगद जाऊन भिडला की ज्ञानेशने शीळ घातली. नाना मात्र ती खुंटी हातात धरून उगाच उभे राहिले. तिच्या एका टोकाला अमोलने खेळता खेळता करवतीने खाच पाडली होती.

आता इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एकच धूड झालं होतं. ते साखळीला टांगायचं, शेपटीकडून खाली झुकवायचं आणि तिरकं तिरकं गाडीच्या तोंडात सोडायचं. खरं तर हे तिघांचं काम. एकाने साखळी ओढायची, एकाने समोरून सांभाळायचं, आणि एकाने गाडीखाली उताणं पडून गिअरबॉक्सची शेपटी जागेवर वळवून घ्यायची. ते खालचं काम अमोल करणार होता.

कारखान्यात रिव्हेटच्या गदारोळात माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. म्हणून खालचा माणूस पान्याने लोखंडावर वाजवून वरच्याला सांगायचा. एकदा वाजलं की थांब. दोनदा म्हणजे खाली सोड. तीनदा वाजलं म्हणजे झालं, हात काढ. ही खूण नानांनी अमोलला पोरपणीच शिकवली होती, आणि शेडात बापलेक बोलण्यापेक्षा वाजवायचेच जास्त. सिंधुबाईला त्यातलं काही कळत नसे. "काय मेली टकटक लावलीय," एवढंच ती म्हणायची.

दुपार ढगाळ होती, द्राक्षवाल्यांना धडकी भरवणारी. वीज गेलेली. शेडात गंधकाचा, डिझेलचा आणि जुन्या कांद्याच्या पाचोळ्याचा वास साचलेला. ज्ञानेश साखळी ओढू लागला. कड्या खडखडत फिरल्या, धूड हळूहळू गाडीच्या तोंडावर आलं. नानांनी दोन्ही हातांनी इंजिन धरलं.

"खाली कुणी नाही, तेव्हा जपून सोडू," ज्ञानेश म्हणाला.

टक... टक.

नानांचे हात जागच्या जागी थिजले. आवाज गाडीखालून आला होता. स्वच्छ, ओळखीचा.

"सोडू का?" ज्ञानेशने विचारलं.

"सोड," नाना कसेबसे म्हणाले.

टक... टक. पुन्हा. साखळी उतरत होती आणि गिअरबॉक्सची शेपटी कुठेही न अडकता, न घासता वळत होती, जशी कुणीतरी तळव्यावर झेलून नेत असावं तशी. ज्ञानेशलाही नवल वाटलं. "जमतंय की नाना..."

टक.

एकदाच.

"थांब!" नाना ओरडले. साखळी थांबली. ज्ञानेशने टॉर्च आणून आत पाहिलं. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सखाली आली होती. आणखी बोटभर सोडलं असतं तर तुटलीच होती.

"तुम्हाला तिथून कशी काय दिसली?"

"आवाज आला."

"साखळीचा असेल," ज्ञानेश म्हणाला. पण टॉर्च घेऊन त्याने पुन्हा एकदा आत वाकून पाहिलं.

केबल बाजूला घेतली, आणि थोड्याच वेळात धूड आपल्या जागी बसलं. ज्ञानेश बोल्ट आणायला वळला तसे नाना गुडघे टेकून गाडीखाली शिरले. खाली कुणी नव्हतं. त्यांनी गिअरबॉक्सच्या शेपटीला हात लावला. थंडीचे दिवस, सकाळपासून गारठलेलं लोखंड. आणि तळव्याएवढ्या जागेत ते कोमट होतं.

"आमल्या," नाना कुजबुजले. "हायेस का रे?"

उत्तर आलं नाही. पण त्या म्हाताऱ्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की तिथेच उताणं पडून तो पोटभर रडला. त्या रात्री नानांनी वर्षभरात पहिल्यांदा दुसरी भाकरी मागून घेतली. एकाच गोष्टीची चुटपुट लागली होती. सगळे बोल्ट आवळून झाले तरी तीनदा काही वाजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मागच्या चाकांकडे जाणारा दांडा जोडला, सायलेन्सर चढवला, रेडिएटरमध्ये पाणी भरलं. चाकं तेवढी राहिली. टायर उद्या यायचे होते. गाडी अजून लोखंडी घोड्यांवर, जमिनीपासून हातभर वर उभी होती. तिसऱ्या प्रहरी नानांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा ठसकलं आणि मग जे सुरू झालं ते असं की शेडाचे पत्रे गुणगुणायला लागले. ज्ञानेश टाळ्या पिटत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सिंधुबाई दारात उभी राहून एकटक त्या गाडीच्या डावीकडच्या सीटकडे बघत होती.

नानांनी इंजिन बंद केलं. किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. "उद्या चाकं लावू. परवा वर्षश्राद्ध. त्याच्या आधी फेरी," ते म्हणाले. ज्ञानेश मान हलवून निघून गेला.

संध्याकाळी शेतीची वीज आली म्हणून नाना विहिरीवर मोटर सुरू करायला गेले. परतेपर्यंत दिवेलागण झाली होती. गोदेवरून धुकं सरकत मळ्यात शिरलं होतं आणि त्याच्याबरोबर नदीच्या पाण्यावर माजलेल्या पानवेलींचा कुजका, गोडसर वास. नाना बांधावर आले आणि थबकले. शेडातून इंजिनाचा आवाज येत होता.

त्यांनी खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

आणि मग त्यांना दुसरा आवाज ऐकू आला. टक. थोडं थांबून, टक. पुन्हा टक. एकेकच, पण घाईघाईने, जीव तोडून.

थांब. थांब. थांब.

नाना धावले. त्या वयात माणसाने धावू नये तसे धावले. शेडाचं दार लोटलं. डाव्या सीटवर सिंधुबाई बसली होती. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. उजवी सीट रिकामी. पण स्टेअरिंग आपलं आपण थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे वळत होतं, रस्त्यावर वळतं तसं.

"सिंधू!"

इंजिन बंद पडलं. खालचा आवाजही थांबला. सिंधुबाईने डोळे उघडले आणि कुणी गाढ झोपेतून उठवल्यासारखं नानांकडे पाहिलं. तिचा अंबाडा सुटला होता, केस वाऱ्याने विस्कटले होते. गाल बर्फासारखे. साडीचा काठ ओला, आणि त्याला पानवेलीची काळी, केसाळ मुळं चिकटलेली.

"कुठं गेलती तू?"

"फेरी मारून आलो," ती म्हणाली. "चांदोरीच्या पुलावरून पल्याड गेलो... मंग खाली नदीच्या पान्याकडं. लय जोरात चालवतो हो. मी भ्यालेच नाय."

"सिंधू, गाडीला चाकं नायेत."

"आसं काय म्हनता?" ती हसली.

नानांनी तिला धरून उतरवलं. तिच्या हातांना ऊब येईना. त्यांनी चोळून चोळून पाहिलं. मग हळूच विचारलं, "तोंड पाह्यलं का त्याचं?"

"नाय. रस्त्याकडं पाहू राहिला होता ना. एकदा बी वळला नाय."

"तुला हाक मारली? आई म्हनला?"

सिंधुबाई जरा गोंधळली. "हाक... नाय मारली. नाना का नाय आले, एवढंच इचारलं."

"आन खालून काही वाजू राहिलं होतं, ते ऐकलं का तू?"

"हां, खडखड चालली होती खरी सारखी. तो म्हनला, तिकडं ध्यान देऊ नको."

नाना आणखी काही विचारायला थांबले नाहीत. त्यांनी तिला घरात नेलं, अंगावर गोधडी टाकली, चूल पेटवून दिली. मग टॉर्च घेऊन शेडात गेले, बॅटरी सोडवली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून ओट्यावर आणून ठेवली. ज्ञानेशला फोन लावला.

"सकाळी चेनपुली घेऊन ये. इंजिन बाहेर काढायचंय."

"का? काय झालं नाना?"

"तू ये फक्त."

ते ओट्यावर बसून राहिले. धुक्यात समोरचं शेड दिसत नव्हतं. केबल तुटायच्या आत ज्याने थांबवलं, तो अमोल होता. त्याबद्दल नानांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती खूण या शेडात तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. अमोल खाली होता. कालही खालीच होता आणि आजही. पोरगं गाडीखाली पडून जीव तोडून थांब म्हणून सांगत होतं.

मग वर, स्टेअरिंगवर कोण होतं?

घाटावरचा तो दिवस नानांच्या डोळ्यांसमोर आला. शेजारचा पिंड, त्याच्याजवळ कुणीच न उरलेलं. तिकडून उडून आलेला कावळा. आणि आपले शब्द. पहिली फेरी तू मार, मी शेजारी बसतो. नाव घ्यायचं राहिलं होतं. पोराचं नाव घ्यायचं राहून गेलं होतं, आणि ज्याचं कुणीच नव्हतं त्याने तो शब्द उचलला होता. नानांनी कपाळावर हात मारून घेतला. अमोलचा जीव अडकला होता तो गाडीत नव्हे. बापाला अडवायला तो थांबला होता, आणि म्हणूनच तीनदा वाजवून त्याला जाता येत नव्हतं.

"सिंधू," त्यांनी आत हाक मारली. "आगं, तो आपला नाय. ऐकतेस का? तो आपला अमोल नाय."

सिंधुबाई बाहेर आली. तिने साडी बदलली होती, लग्नाकार्याला नेसायची ती. हातात अमोलचा मफलर होता. तिने तो नानांच्या कानाभोवती गुंडाळला आणि गळ्याशी गाठ मारली, थंडीत कामावर निघालेल्या माणसाला बांधावा तसा.

"वारं लय लागतं उघड्या गाडीत," ती म्हणाली. "चला. तुम्हाला घेऊन यायला सांगितलंय त्यानं."

"सिंधू, तूच मला आडवत होती ना?"

"तेव्हा मला ठावं नव्हतं." तिच्या आवाजात वर्षभराचं रडणं कुठेच उरलं नव्हतं. आणि त्याच गोष्टीने नानांचं काळीज तुटलं. "शब्द दिला ना तुम्ही? मंग उठा. मी उभी राहते दारात."

धुक्याच्या पलीकडे इंजिन सुरू झालं. बॅटरी नानांच्या पायाशी होती. किल्ली खिशात होती. सिंधुबाईने त्यांचा हात धरला, आणि तिचा तळवा अजून तसाच गार होता.

"चला ना. खोळंबलाय तो."

शेडात, त्या आवाजाच्या खाली, पाना लोखंडावर एकदा वाजला. मग बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा, आणि या वेळी हळू, हात दमून गेल्यासारखा.